मोल्सवर्थचा कोश म्हणायचं की शास्त्र्यांचा?

पाटीपेन्सिल (धागालेखक)

आमच्या घरी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं १९७५ साली पुण्यात झालेलं पुनर्मुद्रण आहे. आजोबांनी घेतलेलं, वर खाकी कव्हर. परवा 'आगोट' (पावसाळा तोंडावर येतो तो काळ) शोधायला ते काढलं. मे संपत आला की आजी म्हणायची, "आगोट आली, लाकडं आत घ्या." शब्द सापडला. मग मुखपृष्ठ पाहिलं: मोल्सवर्थ, साहाय्यक जॉर्ज आणि टॉमस कँडी. तिन्ही नावं इंग्रजांची. यांना आगोट सांगितली कुणी?

मुंबईत सरकारी खर्चाने कोशाचं काम चाललं, तेव्हा शास्त्री मंडळी पगारावर होती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले ही त्यांतली काही नावं. त्यांनी केलेला मराठी-मराठी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ साली आला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला १८३१ साली. आधी काय झालं नि मागून काय आलं, हे सालच सांगतं. शब्द गोळा करणारे, अर्थ लावणारे हे लोक, आणि दोनशे वर्षं आपण नाव घेतो ते फौजेतल्या कप्तानाचं. माझं म्हणणं साधं आहे. याला शास्त्र्यांचा कोश म्हणावं, मोल्सवर्थला संपादक म्हणावं.

शिळाप्रेस

अजिबात पटलं नाही.

शब्द जमवणं आणि कोश करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोल्सवर्थ १८१२ साली कोवळ्या वयात इथे आला आणि आयुष्याची उमेदीची वर्षं त्याने या भाषेत घातली. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणायचे, ती पदवी कुणी फुकट देत नाही. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. विलायतेला परत गेलेला माणूस १८५१ मध्ये पुन्हा आला, सगळं नव्याने तपासलं आणि १८५७ च्या आवृत्तीत आकडा ६०,००० च्या घरात नेला. पोटासाठी एवढं कुणी करत नाही.

आणखी एक. हा कोश उघडून कोणतंही पान वाचा. संस्कृत शब्दाला एक खूण, फारसीला दुसरी, अरबीला तिसरी. कोकणातला शब्द असेल तर तसं सांगितलंय. शिव्या आहेत, म्हणी आहेत, शेतातले नि चुलीपुढचे शब्द आहेत. सगळं शास्त्र्यांवर सोपवलं असतं तर यातले निम्मे 'अशिष्ट' म्हणून गळाले असते असं माझं ठाम मत आहे. तुमच्या आजीची आगोट त्यांच्या हातून टिकली असती का, याचा विचार करा.

पाटीपेन्सिल

पण आगोट मोल्सवर्थच्या कानावर घातली कुणी? तो काय लाकडं आत घेत होता?

उंबरठा

तुम्ही दोघंही कचेरीच्या आतच भांडताय. शब्द शास्त्र्यांचेही नव्हते. कुळंबिणीचे, कोळ्यांचे, तेल्यांचे होते, आणि त्यांचं नाव ना १८२९ च्या पुस्तकात, ना १८३१ च्या.

टॉमस कँडीचं बोला जरा. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेख त्याची, पुढे सरकारी भाषांतराचं कामही त्याच्याकडेच. शाळेची क्रमिक पुस्तकं त्याच्या नजरेखालून जायची. आपल्या छापील मराठीत ते लांबलचक 'जो...तो' आणि इंग्रजी वळणाची वाक्यं शिरली, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. कोशाने भाषा टिपली, पाठ्यपुस्तकाने ती वाकवली.

मोडीवाचक

उंबरठाताई, इथे मी तुमच्या विरुद्ध. १८५० साली कँडीने विरामचिन्हांवर पुस्तिका काढली, त्याचं मोल मोडी वाचणाऱ्याला विचारा. माझ्यासमोर आत्ता एक जुनं पत्र आहे. ओळ सलग, शब्दांत फट नाही, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नाही. एका 'की' वर मी काल अर्धा तास अडकले, मागच्या वाक्यातला की पुढच्या? पूर्णविरामाला परकं म्हणून हिणवणारे स्वतः पूर्णविराम देऊनच हिणवतात.

क्रमिक पुस्तकांची भाषा कृत्रिम होती, हे मात्र मान्य.

शिळाप्रेस

जाता जाता बाबा पदमनजींचंही सांगतो. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिणारे. मोल्सवर्थचा मोठा कोश विद्यार्थ्यांना परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी १८६३ साली त्याचा संक्षेप केला. एका मराठी माणसाने मोल्सवर्थच्या कोशावर काम केलं आणि ते आपल्या नावाने केलं. तेव्हा इथल्यांना कायम झाकून ठेवलं, असं सरसकट म्हणता येणार नाही.

पाटीपेन्सिल

हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. १८६३ साली नाव छापता आलं, मग १८५७ च्या मुखपृष्ठावर परशुरामपंतांचं का नाही? तोवर त्यांचं 'नवनीत', म्हणजे जुन्या मराठी कवितांचं संकलन, येऊन तीन वर्षं झाली होती, माणूस अनोळखी नव्हता.

'मोल्सवर्थला संपादक म्हणावं' हे मात्र मागे घेतो. १८५१ मध्ये परत येणाऱ्या माणसाला नुसता संपादक म्हणणं कोतेपणाचं आहे. कोशकार तो, आणि शास्त्रीही कोशकार. नावं एका ओळीत हवीत, एवढ्यावर मी ठाम आहे.

१८२९ चा कोश कुणाच्या घरी किंवा गावच्या ग्रंथालयात असेल तर एक काम करा. त्यात 'आगोट' बघा आणि शास्त्र्यांनी मराठीत दिलेला अर्थ इथे जसाच्या तसा उतरवा. मोल्सवर्थचा मी शेजारी लावतो.