मदत हवी आहे: अननसाच्या जाळीचा क्रोशे स्कार्फ मधून दोन्ही टोकांकडे कसा विणावा?

नमस्कार. थोरल्या जाऊबाईंसाठी लोकरीचा, अननसाच्या जाळीचा (अननसाच्या आकाराची नक्षी असलेला) स्कार्फ विणायला घेतला आहे. त्या नागपूरला राहतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गळ्याशी ऊब देईल, पण खांद्यावर ओझे वाटणार नाही, असा हलका स्कार्फ हवा आहे. लांबी साधारण 160 सेंमी आणि रुंदी 28 सेंमी ठरवली आहे. लोकर बारीक मेरिनो आहे (100 ग्रॅमच्या गुंडीत सुमारे 400 मीटर) आणि सुई 3.5 मिमीची.

वीण येते, अडचण तिच्या दिशेची आहे. रुखवतासाठी आपण जे गोल रुमाल विणतो, त्यांची सुरुवात मध्यापासून होत असल्यामुळे सगळ्या अननसांची टोके आपोआप बाहेरच्या बाजूला येतात. स्कार्फ मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विणला, तर गळ्यात घातल्यावर एका बाजूचे अननस खाली टोक करून लोंबतात आणि दुसऱ्या बाजूचे वर टोक करून उभे राहतात. साध्या शिंपल्यांच्या विणीत हे खपून जाते. अननसाचा आकार मात्र इतका स्पष्ट असतो की समोरून बघणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. म्हणून मानेमागच्या मध्यापासून दोन्हीकडे विणत जावे आणि दोन्ही टोकांना अननस सारखेच खाली यावेत, अशी माझी इच्छा आहे.

माझ्या नमुन्यात तळाशी एकाच गाळ्यात (मोकळ्या जागेत) 9 खांब (उभे टाके) आहेत. पुढच्या ओळीत त्या खांबांच्या मधे एकेक साखळी येते आणि त्यानंतर 3 साखळ्यांच्या 8 कमानी, ज्या दर ओळीत एकेक कमी होत शेवटी एकच उरते. दोन अननसांच्या मधून 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब असा शिंपला वर चढत जातो. एक अननस 10 ओळींत पुरा होतो.

मला दोन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे दोन अर्धे भाग वेगवेगळे विणून मध्ये जोडायचे. हे जोडकाम 3 साखळ्या आणि एक मुका खांब (आखूड टाका) असे या काठावरून त्या काठावर नागमोडी नेत केले, तर ते जाळीत मिसळून जाईल असे वाटते. पण दोन्ही टोकांचे वजन नेमके त्याच जागी पडणार असल्यामुळे ती जागा काही दिवसांनी सैल पडेल का, ही शंका आहे. दुसरा मार्ग म्हणजे सुरुवातीच्या साखळीच्या वरच्या बाजूने एक अर्धा भाग विणून झाल्यावर त्याच साखळीच्या खालच्या बाजूने दुसरा उचलायचा. यात दुसऱ्या बाजूची वीण अर्ध्या टाक्याने सरकते आणि मानेवर जाड, ताठ रेघ उठते. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा, की तिसरा एखादा आहे? दोन भाग वेगळे केल्यास पाण्यातून काढून ताणून वाळवण्याचे काम जोडण्याआधी करावे की नंतर, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, जोड देऊ नका. अशा नागमोडी जोडावर बाळाच्या दुपट्याचे चौकोन छान बसतात, कारण तिथे वजन सगळीकडे वाटले जाते. स्कार्फचा मध्य सतत ओढला जातो.

तुमच्या दुसऱ्या मार्गात एक बदल करा. साखळीवर थेट शिंपले न घालता आधी साध्या जाळीची एक ओळ विणा: एक खांब, 2 साखळ्या, खालच्या 2 साखळ्या सोडून पुन्हा एक खांब. त्यामुळे घरांची एक पट्टी तयार होते आणि प्रत्येक घराला वरची व खालची अशा दोन्ही कडा मिळतात. वरच्या भागाचे शिंपले आणि अननसांचे तळ या घरांच्या वरच्या साखळीभोवती घाला. खालचा भाग सुरू करताना बरोबर त्याच घरांच्या खालच्या साखळीभोवती घाला, म्हणजे सुई साखळीच्या टाक्यात न खुपसता मोकळ्या जागेतून काढा. घरे समोरासमोर असल्यामुळे अर्ध्या टाक्याचा फरक पडत नाही. ताठ रेघ टाळण्यासाठी फक्त सुरुवातीची साखळी 4.5 मिमीच्या सुईने घाला आणि जाळीच्या ओळीपासून 3.5 वर या.

माझे स्वतःचे मत असे की मध्यभागी जाळीची एकच ओळ न ठेवता 10-12 सेंमीची पट्टी ठेवावी. मानेमागचे अननस कोणाला दिसत नाहीत आणि साधी जाळी गळ्याभोवती अधिक चांगली बसते.

स्कार्फ पूर्ण झाल्यावर अखंडच वाळवा. कोमट पाण्यात वीसेक मिनिटे भिजू द्या, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग लांब काठांतून जाड सुती दोरा ओवून तो सरळ ताणून बांधा आणि टोकाच्या प्रत्येक अननसाला वेगळी टाचणी लावा. पूर्ण कोरडे होईपर्यंत टाचण्या काढू नका, नाहीतर कमानी पुन्हा आक्रसतात.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

मनापासून आभार. घरांच्या दोन्ही कडांची युक्ती लहान नमुन्यावर करून पाहिली. दोन्ही बाजूंचे शिंपले पाठीला पाठ लावून तंतोतंत बसले. 9 सेंमी लांबीचा अननस ताणून वाळवल्यावर 12 सेंमी भरला, तेव्हा टोकांकडच्या अननसांची संख्या आता या मापाने ठरवते.

एक शंका राहिली आहे. मेरिनोचा आकार प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा ताणून द्यावा लागतो आणि जाऊबाईंकडून एवढे होणार नाही. ॲक्रिलिकला वाफेने दिलेला आकार धुतल्यावरही टिकतो, पण इस्त्री जरा टेकली तरी धागा चपटा, चकचकीत होऊन लुळा पडतो. मेरिनो आणि ॲक्रिलिक मिसळलेल्या लोकरीची अशी मोठ्या कमानींची जाळी कोणी विणली आहे का, आणि काही धुण्यांनंतर तिच्या कमानी उघड्या राहिल्या का?