पोस्टर बघून कोणी रेशन पाळत नाही

सह्यवारा:
"दुसऱ्या महायुद्धात 'शांत राहा, काम चालू ठेवा' या लाल पोस्टरने इंग्रजांना धीर दिला, म्हणून त्यांनी निमूट रेशन पाळलं. आपल्या लोकांत ती शिस्तच नाही." ही पोस्ट कालपासून फिरतेय. वाचून डोकं फिरलं. अहो, १९३९ मध्ये त्या पोस्टरच्या साडेचोवीस लाख प्रती छापल्या, पण भिंतींवर फारशा लागल्याच नाहीत. वर्षभरात बहुतेक गठ्ठे रद्दीत गेले. २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिक गावी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, तिथून ते कपांवर आलं. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर, बेकनवर रेशन बसलं. ते टिकलं, कारण ठरलेला वाटा दुकानात खरोखर मिळायचा, तोही बांधलेल्या भावात.

गोधडी:
एका पोस्टरवरून सगळा प्रचार मोडीत काढू नका. 'विजयासाठी खणा' म्हटल्यावर लोकांनी अंगणं खणली. लंडनच्या टॉवरच्या खंदकात भाजी पिकली. भाजीचे वाफे १४ लाखांच्या घरात गेले. हे काय धाकाने झालं?

सह्यवारा:
गरजेने झालं, ताई. कांदा फ्रान्सकडून यायचा, तो १९४० मध्ये बंद पडला. एकेका कांद्याची सोडत निघायची. अशा वेळी पोस्टर नसतं तरी माणसाने कुदळ उचललीच असती.

आडगावकर:
इंग्लंडचं कौतुक पुरे. 'जास्त धान्य पिकवा' ही मोहीम आपल्याकडेही होती, आणि १९४३ मध्ये बंगालात सुमारे ३० लाख माणसं गेली. मुंबईला त्याच वर्षी मे महिन्यात रेशन मिळालं, कारण गोदी आणि गिरण्या चालू राहायला हव्या होत्या. खेड्यातल्या भूमिहीनाला कोण विचारतो? त्याला शिस्त शिकवणाऱ्यांचा मला संताप येतो.

नदीकाठ:
आणि पैशाचं काय केलं ते सांगा की! १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. आमच्या पणजीने जुने रुपये वेगळे काढून चुलीमागच्या भिंतीत लिंपले होते. नवा रुपया ती आपटून बघायची, आवाज बद्द आला की तोंड वाकडं करायची. नंतर तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला.

सह्यवारा:
आमच्याकडे तो पैसा नळाला वायसर म्हणून बसवला होता!

नदीकाठ:
आमच्याकडे पोरांच्या करदोट्यात. अजून दोन आहेत, फोटो टाकते.

गोधडी:
धागा कशाचा, चाललंय काय! पणजीच्या गोष्टी हा पुरावा नव्हे.

नदीकाठ:
ज्यांनी भोगलं त्यांची साक्ष नको, आणि छापखान्यातून आलेला कागद चालतो? सरकार काय म्हणतं यापेक्षा हातातला रुपया काय म्हणतो, हे त्या बाईला जास्त कळत होतं.

गोधडी:
बरं, ते लाल पोस्टर कोणी पाहिलं नव्हतं, एवढं मान्य. प्रचार फुकट गेला, हे अजिबात मान्य नाही.

आडगावकर:
फुकट कसा जाईल? इथून माल आणि माणसं गेली, बदल्यात लंडनच्या खात्यात आपल्या नावावर आकडे चढले आणि त्या आकड्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या. युद्ध संपताना ब्रिटनकडे आपलं येणं सुमारे १३० कोटी पौंड होतं. भाव चढले ते बाजारात जाणाऱ्याने सोसले. हे एकाही पोस्टरवर नव्हतं. नदीकाठ, फोटो टाका, नाण्यावरचं साल दिसू द्या.