नवी डिफेंडर: कोटीचा भाव आणि कातळावरची ताकद

कातळसडा (धागाकर्ता)

जानेवारी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सोलिहलच्या कारखान्यातून लँड रोव्हर कंपनीची शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. नवी दाखवली गेली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, फ्रँकफर्टला. तेव्हापासून एकच पालुपद कानावर येतं: "चेसिस (बॉडीखालचा शिडीसारखा लोखंडी सांगाडा) गेली, आता ती मॉलसमोर उभी करायची गाडी झाली." मला हे साफ अमान्य आहे.

आकडे बघा. ११० मॉडेल, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे) ऑफ-रोड उंचीवर: पोटाखाली २९१ मिमी, पाण्यात ९०० मिमी खोलीपर्यंत. गाडी न टेकता पार करता येणारा पुढचा कोन ३८ अंश, मागचा ४०, मधला २८. जुन्या गाडीची पाण्याची मर्यादा ५०० मिमी होती. नव्या अॅल्युमिनियम सांगाड्याला एक अंश पीळ द्यायला कंपनीच्या मोजमापाप्रमाणे २९ हजार न्यूटन-मीटर बळ लागतं, म्हणजे शिडीसारख्या चेसिसच्या साधारण तिप्पट. याचा उपयोग कुठे? एक पुढचं आणि तिरपं समोरचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की शिडीची चेसिस पिळते, दार घट्ट बसतं, काचेच्या कोपऱ्यावर ताण येतो. नव्या गाडीत सांगाडा पिळत नाही, हालचाल फक्त सस्पेन्शन करतं. खालच्या ओढण्याच्या हुकांना ६.५ टनांचा झटका सोसेल अशी ती बांधली आहे. भाव जास्त आहे हे कबूल, पण "मजबुती गेली" हे चूक.

पानापक्कड

तुमचा प्रत्येक आकडा मान्य. पण मजबुतीचा अर्थ तुम्ही अर्धाच घेतलात. न मोडणं ही एक मजबुती, आणि मोडल्यावर आहे तिथे जोडता येणं ही दुसरी. खेड्यापाड्यात, डोंगरात दुसरीच जास्त कामाची.

जुन्या गाडीचा पत्रा रिव्हेट आणि बोल्टवर उभा असायचा. चेसिसचा आडवा मागचा बीम आणि बाजूचे आउटरिगर (बॉडीला आधार देणारे हात) गंजायचे, हे जुन्या गाडीचं खरं दुखणं आणि ते लपवायचं कारण नाही. पण गंजलेला तुकडा कापून नवा वेल्ड करणारा माणूस तालुक्याच्या गावात सापडतो. नव्या गाडीचा सांगाडा रिव्हेट आणि स्ट्रक्चरल गोंद यांनी जोडलेला. तो सरळ करायला वेगळी जागा लागते, लोखंडाचा भुसा अॅल्युमिनियमला लागू न देणारी वेगळी हत्यारं लागतात. लोखंडाचा कण अॅल्युमिनियमात रुतला की ओलाव्याने तिथेच खायला सुरुवात होते. घन आणि गॅस घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीने तिला हात लावायचाच नाही. म्हणजे मोठा आघात बसला की गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून शहरात. कातळाचा सडा ते शहर हे अंतर तुमच्या २९ हजार न्यूटन-मीटरांत कुठेच धरलेलं नाही. त्यात एअर सस्पेन्शन: इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिघडणारच.

जकातनाका

भाव जास्त हे कबूल झालं, पण भाव बनतो कसा ते कुणी मांडलं नाही.

डिफेंडर ब्रिटनमध्ये बनत नाही, स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनते. आपल्याकडे ती पूर्ण बांधलेली येते. हिशेब सोपा जावा म्हणून बंदरात आलेली किंमत ४० लाख धरू. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर मूळ जकात ७० टक्के आणि कृषी सेस ४० टक्के, मिळून ११०. म्हणजे ४४ लाख. झाले ८४. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी: ३३.६ लाख. एकूण ११७.६ लाख, आणि यात विक्रेत्याचा नफा अजून धरलाच नाही. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के वाहन कर, कमाल ३० लाख. इथे तो २३.५ लाख. ४० लाखांच्या गाडीवर १ कोटी १ लाख सरकारजमा.

त्यामुळे "एवढी किंमत देऊन काय मिळालं" याचं उत्तर लोखंडात शोधू नका, अॅल्युमिनियमातही नको. मोठा भाग करात गेला. जुलै २०२५ चा ब्रिटनशी झालेला व्यापार करार डिफेंडरच्या कामाचा नाही, कारण तिचा जन्म स्लोव्हाकियाचा. याच कंपनीची रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाऊ लागली आणि तिचा भाव उतरला, ही वाट डिफेंडरला अजून मिळालेली नाही. रुपया रुपयाला तोलणाऱ्याने आधी हे बघावं.

घाटवळण

पानापक्कड, मी तुमच्या विरोधात आहे. "इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिघडणारच" असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. एअर सस्पेन्शन का बसतं ते समजून घेतलं तर त्यातलं बरंच टळतं.

रबरी फुग्याच्या घडीत चिखल आणि वाळू साचते, आणि दरवेळी फुगताना-बसताना ती रबर घासते. आधी अगदी बारीक गळती सुरू होते. उंची राखण्यासाठी कंप्रेसर वारंवार चालतो, तापतो, हवेतली आर्द्रता शोषणारा ड्रायर दमतो, आणि शेवटी कंप्रेसर जातो. लोक कंप्रेसर बदलतात आणि गळती तशीच ठेवतात. मग नवाही जातो.

तपासायची पद्धत अशी: गाडी सपाट जागी रात्री उभी करा, चारही चाकांच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. सकाळी इंजिन न लावता पुन्हा मोजा. एकच कोपरा १० मिमी किंवा जास्त बसला असेल तर त्या फुग्यावर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. चारही सारखे बसले तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर (चारही फुग्यांना हवा वाटणारा भाग). आणि चिखलातून आल्यावर कमानीच्या आत साध्या पाण्याने धुवा, हाय-प्रेशरची पिचकारी फुग्यावर धरू नका, कण आणखी आत जातात.

रबरछाप

या सगळ्यात टायर राहून गेला, आणि माझ्या मते वाद तिथेच निकालात निघतो. याच गाडीला तीन वेगळे टायर बघा (शेवटचा आकडा रिमचा इंचांतला व्यास):

२५५/७० आर १८: रबराची भिंत १७९ मिमी
२५५/६० आर २०: १५३ मिमी
२७५/४५ आर २२: १२४ मिमी

बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण रिम आणि दगड यांच्यातलं रबर ५५ मिमीने कमी होतं. जांभ्याच्या सड्यावर किंवा घाटातल्या खडीवर २२ च्या टायरची भिंत रिम आणि दगडाच्या कडेत चिमटली जाते. चीर बाजूला पडते, तिला पंक्चरचं ठिगळ लागत नाही, टायर फेकावाच लागतो. त्या वेळी ३८ अंश आणि २९१ मिमी असून उपयोग शून्य. लोक कोटीची गाडी घेऊन सर्वांत मोठी रिम मागतात आणि गाडीला नाजूक म्हणतात.

१८ चं चाक प्रत्येक इंजिनाच्या ब्रेकवर बसत नाही, हे बुकिंगआधी विचारून घ्या. न बसल्यास १९ घ्या, त्याला १६६ मिमी मिळतात. हवा: ओल्या चिखलात आणि वाळूत १८ ते २० पीएसआय, धारदार खडकावर २६ च्या आसपास. १५ च्या खाली वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा, कमी हवेने वेगात टायर तापतो. पंप आणि गेज गाडीतच हवेत.

पानापक्कड

रबरछाप, यावर वाद नाही. घाटवळण, टेपची युक्ती चांगली आहे, पण रोज रात्री मोजमाप घ्यावं लागतं हेच मी म्हणतोय.

आता चढाचं बोलू. नव्या डिफेंडरच्या मागच्या डिफला (चाकांना जोर वाटून देणारा भाग) लॉक, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र फिरवणारी कडी, मिळतं, मधल्याला मिळतं, पुढच्याला नाही. पुढे एक चाक हवेत गेलं की कॉम्प्युटर त्याला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे पाठवतो. काम होतं, पण आधी चाक थोडं फिरावं लागतं. ओल्या शेवाळलेल्या दगडावर ते अर्धं फिरणंच गाडीला बाजूला घसरवतं. जीपच्या रँग्लर रुबिकॉनला पुढे-मागे दोन्ही लॉक आणि लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर) ४:१, डिफेंडरची २.९३:१. रुबिकॉन पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते आणि बरीच स्वस्त पडते. फोर्स गुरखाला तर दोन्ही टोकांना हाताने ओढायची मेकॅनिकल लॉक, सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), आणि किंमत डिफेंडरच्या एक-पंचमांशही नाही. तिचे रस्त्यावरचे आवाज आणि हादरे सहन करावे लागतात, ते मी नाकारत नाही. पण मजबुतीसाठीच कुणी कोटी देत असेल तर तो चुकीच्या दुकानात उभा आहे.

ओढाकाठ

९०० मिमीबद्दल एक इशारा, कारण हा आकडा वाचून लोक भरल्या ओढ्यात गाडी घालतात.

तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे, तोही गाडी वर उचललेली असताना. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. गाडीचा तळ साधारण ६ चौरस मीटर धरा. तळाच्या वर १० सेमी पाणी चढलं की ६०० किलो वजन पाण्याने उचलून धरलं. गाडी जितकी घट्ट बंद, तितकी ती तरंगते. जुन्या डिफेंडरच्या दारातून पाणी आत यायचं, त्रास व्हायचा, पण गाडी जड होऊन तळाला बसायची. नवी घट्ट आहे, म्हणून जोराच्या प्रवाहात कमी खोलीतही आधी मागचा भाग हलका होतो आणि वाहू लागतो.

काठी घेऊन तळ चाचपा, ओढा पायी ओलांडता येत नसेल तर गाडीनेही नको. आत जाण्याआधी उंची ऑफ-रोडला, लो रेंज, स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद. चालण्याच्या वेगाने शिरा, पुढे उठलेली लाट बंपरच्या पुढे राहील एवढाच वेग ठेवा, मध्ये थांबू नका. बाहेर आल्यावर हलके ब्रेक दाबून डिस्क सुकवा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका: सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा येत नाही, इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम घ्यावं लागतं.

कातळसडा

पानापक्कड, पुढच्या लॉकचा मुद्दा खरा. दुरुस्तीच्या अंतराचाही. माझा हट्ट एवढाच राहतो की दिवसाला पाचशे किलोमीटर डांबर, त्यानंतर अंधारात कच्ची वाट आणि पुन्हा डांबर, हे एकाच गाडीने, पाठ न मोडता करायचं असेल तर गुरखा त्या तुलनेत बसत नाही. रुबिकॉन खडकावर पुढे, ताशी शंभरच्या वेगाला मागे. जकातनाक्याचा हिशेब वाचून भावाबद्दलचं माझं म्हणणं मात्र बदललं: गाडी महाग नाही, दारात आणणं महाग आहे. खिशाला दोन्ही सारखंच.

ज्याने घ्यायचं ठरवलंच आहे त्याने सनरूफ आणि मोठ्या रिमचे पैसे वाचवावेत. १९ चे ऑल-टेरेन टायर, मागच्या दारावर पूर्ण मापाची स्टेपनी, मागचं अॅक्टिव्ह डिफ लॉक. गाडीत ताणणारा पट्टा, दोन सॉफ्ट शॅकल (पट्टा अडकवायच्या दोरीच्या कड्या), पंप. पट्टा अडकवताना तो खालच्या रिकव्हरी हुकालाच. ट्रेलर जोडायच्या टो बॉलला कधीही नाही, तो तुटला तर गोळी सुटावी तसा काचेतून आत येतो.

पानापक्कड

शेवटच्या ओळीशी शंभर टक्के सहमत. आणि ओढताना दोन्ही गाड्यांच्या मधल्या रेषेत कुणी उभं राहू नये, पट्ट्यावर मधोमध जाड गोणपाट टाकून ठेवावं.