चांगल्या मुख्यमंत्र्यांत ब्रिगेडियर सायलो यांचंही नाव घ्यायला हवं

लष्करातून राजकारणात आलेल्या माणसाला हुकूम सोडता येतो, लोकांचं ऐकणं जमत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. मिझोरामचे ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो यांचंच बघा. १९७४मध्ये निवृत्त होऊन परतले, तेव्हा भारतापासून वेगळं होण्यासाठी लढणारे मिझो बंडखोर आणि लष्कर यांच्यात सामान्य माणूस भरडला जात होता. गावंच्या गावं उठवून लोकांना रस्त्यालगतच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत नेऊन बसवलेलं. तीस वर्षं वर्दीत काढलेल्या या माणसाने मानवी हक्क समिती काढली आणि लष्कराच्याच अत्याचारांविरुद्ध दिल्लीकडे दाद मागितली. केवढी हिंमत लागली असेल! त्यातूनच १९७५मध्ये पीपल्स कॉन्फरन्स पक्ष उभा राहिला. १९७८चं त्यांचं सरकार पक्षातल्याच बंडामुळे काही महिन्यांत कोसळलं, पण १९७९मध्ये लोकांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं.