मदत हवी आहे: पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर, शिबिरात मीटर कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. चोपडा-धरणगाव भागात चुलीच्या धुरापासून बचावावर बायांसाठी तासाभराचं शिबिर घेतो आहोत. घरोघरी गॅस आहे, पण कळण्याची भाकरी चुलीवरच होते आणि कापूस निघाला की पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) फुकट. तेव्हा ‘चूल सोडा’ सांगण्यात अर्थ नाही.

सांगतो ते असं: पऱ्हाट्या कडक वाळवूनच लावा, ओली काडी पेटत नाही, धुमसते. चुलीचं तोंड गच्च भरू नका, हवा कोंडते. धुराड्याचा चार इंची पाइप पत्र्याच्या वर दोन-तीन फूट काढा, पंधरा दिवसांनी काजळी झाडा. पाइप चोंदला की धूर उलटा घरात. नाकाला पदर लावून बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो, तोही कडा गालाला घट्ट बसल्या तर.

गाडी अडते मीटरपाशी. लेझर सेन्सरचा पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) मोजणारा मीटर वाफेलाही धूर समजतो. भाताचं झाकण उघडलं की आकडा उडतो, बाया म्हणतात, मशीन खोटं! वर या कणांची आपल्या देशातली घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची. भाकरी थापतानाचा आकडा तिच्याशी ताडणं चूकच.

मीटर चुलीपासून किती लांब, किती उंच ठेवता? सरासरी बायांना कशी समजावता? आणि पावसाळ्यात गळेल म्हणून पत्र्याला भोक पाडू देत नाहीत, तर पाइपाच्या सांध्याला उष्णतेत टिकेल असं काय लावता?