मदत हवी आहे: गाडीशिवाय स्काय, आणि एक अडलेला शब्द

नमस्कार मंडळी,

इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सनचं १७७३ च्या स्कॉटलंड प्रवासाचं वर्णन वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. गृहस्थाने चौसष्टावा वाढदिवस स्काय बेटावर काढला, तोही घोड्यावर आणि होडीत आपटत! सोबत त्याचा तिशीतला मित्र आणि पुढे चरित्रकार झालेला बॉस्वेल.

मेअखेरीस मी आईला घेऊन जातेय. दोघींनाही गाडी चालवता येत नाही. इन्व्हरनेसहून काइल ऑफ लोकाल्शपर्यंत रेल्वे, पुढे पूल ओलांडून बसने स्कायवरचं पोर्ट्री गाव, असा बेत आहे. स्कॉन्सरहून फेरीने रासे बेटावर जायचंच आहे. तिथे राहून आलेलं कुणी आहे का? रविवारी बस मिळते की अडकून पडायला होतं? आणि त्या चावऱ्या चिलटांवर, मिजेसवर, काय लावता?

आता शब्द. तिथल्या बायका हातमागाचं ओलं लोकरी कापड फळीभोवती बसून तालात आपटायच्या, घट्ट व्हावं म्हणून. त्यात शिळं मूत्र वापरायचे (आईला अजून सांगितलेलं नाही). एक बाई ओळ गाते, बाकीच्या धृपद धरतात. मला थेट जात्यावरच्या ओव्या आठवल्या. मी या प्रवासावर लिहितेय, पण याला मराठीत काय म्हणू? इंग्रजीत याला ‘वॉकिंग’ (waulking) म्हणतात, पण तसंच लिहिलं तर लोक चालायला लागतील. कुटणं? मळणं? धनगरांच्या घोंगडीच्या कामात असा एखादा नेमका शब्द असेल तर प्लीज सांगा.

ही गाणी प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळतील, तेही कळवा.