मदत हवी आहे: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे आठवीच्या पोरांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यात गणित शिकवतो. सध्या कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धाच भरतो, म्हणून थोडं पुस्तकाबाहेरचं घेतोय. फळ्यावर २१४७४८३६४७ लिहिलं, म्हणजे २^३१ − १, आणि सांगितलं की ही संख्या मूळ असल्याचं ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्येच दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. एक पोरगी लगेच म्हणाली, "पन सर, तवा त कॅलकुलेटर नोतं. एवढ्या मोठ्या आकड्याले त्यानं कशाकशानं भागून पाह्यलं?"

तिला याचं खरं उत्तर मिळावं असं मला फार वाटतं. वर्गमूळ ४६३४० च्या जरा वर आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ४७९२. एवढे भागाकार हाताने?

अर्धी वाट पोरांनीच काढली. घातांक मूळ असला की झालं, असं त्यांना वाटू नये म्हणून मी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ दाखवलं होतं. २३ आणि ८९ मधून एकेक काढला तर २२ आणि ८८, दोन्ही २२ च्या पाढ्यातले, हे त्यांनी हेरलं. फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (प मूळ असेल, तर प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या (प−१) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते) कारणही सांगता आलं. तसंच २^३१ − १ चा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या पटीत १ मिळवून येतो.

अडलंय ते पुढे. ऑयलरची आणखी एक चाळणी आहे: विभाजकाला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी मिळून, २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३. अशा संख्या ४६३४० पर्यंत फक्त ३७३, त्यातही बऱ्याच मूळ नाहीत. पहिली मूळ ३११. त्या पोरीने वर्गात ३११ ने भागून पाहिलं, बाकी ३५ उरली.

पण ८ ची अट का? पुस्तकं इथे एक मोठं प्रमेय लावून मोकळी होतात. आठवीला झेपेल अशी सिद्धता आहे का कुणाकडे?

प्रतिसाद:

सर, तुमचा २३ च घ्या. २, ४, ६ … २२ या अकरा सम संख्यांचा गुणाकार म्हणजे २^११ गुणिले १ ते ११ चा गुणाकार. आता ११ च्या वरच्या सम संख्यांतून २३ वजा करा: १२ चे −११, १४ चे −९, असं २२ चे −१ पर्यंत. २३ ने भागल्यावरची बाकी याने बदलत नाही. चिन्हं सोडली तर पुन्हा १ ते ११ च, प्रत्येक एकदाच. ऋण सहा, म्हणजे सम, म्हणून २^११ ची बाकी १. तेच १३ ला करा: ८, १०, १२ असे तीन ऋण, आणि २^६ = ६४ ची बाकी −१.

मूळ संख्या ८म+१, ८म+३, ८म+५, ८म+७ असेल तर ऋण अनुक्रमे २म, २म+१, २म+१, २म+२ येतात. सम फक्त पहिल्या आणि शेवटच्या प्रकारात.

आता विभाजक प धरा. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. म्हणजे २ च्या जागी २^१६ चा वर्ग चालतो. मग २ चा (प−१)/२ वा घात म्हणजे २^१६ चा (प−१) वा घात, आणि फर्मानुसार त्याची बाकी १. ऋण समच असले पाहिजेत, म्हणून ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७.